चिखलांतील चाक आणि बर्फांतील पट्टा



चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत बर्फ पडत नाहीं. मे महिन्यांत येथील पारा ४५ अंशांच्या पुढें चढतो, हें तुम्ही दरवर्षीं वर्तमानपत्रांत वाचतांच. तेव्हां या प्रदेशांतील एका निवृत्त शिक्षकानें बर्फावर धांवणाऱ्या गाडीचा विषय काढावा, हें प्रथम ऐकतांना थोडें चमत्कारिक वाटेल. परंतु झाडीपट्टींतील शेतकरी दर आषाढांत आपल्या ट्रॅक्टरमध्यें जे फेरफार करतो, त्याच जातीचे फेरफार कॅनडांतील किंवा अमेरिकेच्या पहाडांतील मनुष्य आपल्या बर्फगाडींत करीत असतो. दोघांपुढें प्रश्न एकच : कठीण वाटेसाठीं बनविलेलें वाहन मऊ भूमीवर न रुततां कसें चालवावें? या प्रश्नाचें उत्तर ज्याला नीट उमगलें नाहीं, तो कधीं कधीं प्राणास मुकतो. म्हणून हा विषय मीं आज निवडला आहे.

आधीं थोडें गणित. शाळेंत क्षेत्रफळाचा पाठ चालला असतां ‘याचा उपयोग काय, गुरुजी?’ असें एखादा मुलगा हमखास विचारीत असे. त्याला मी शाळेमागच्या बांधींत उतरावयास सांगत असें. बांधी म्हणजे चारी बाजूंस धुरे घालून पाणी अडविलेला धानाच्या शेताचा तुकडा. ६० किलो वजनाचा मनुष्य दोन्ही पायांवर उभा राहिला, तर त्याचे तळवे सुमारें ४०० चौरस सेंटिमीटर जागा व्यापतात. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर १५० ग्रॅम भार पडतो. तो चालूं लागला कीं क्षणभर एकच पाय टेकलेला असतो, आणि भार ३०० ग्रॅम होतो. उभें असतांना घोट्यापर्यंत रुतणारा मुलगा पाऊल टाकतांच पोटरीपर्यंत कां जातो, हें त्याला फळ्यावर लिहून दाखवावें लागत नसे.

हेंच गणित ट्रॅक्टरला लावूं. रबरी चाक जमिनीवर जो भार टाकतें, तो ढोबळ मानानें त्या चाकांतील हवेच्या दाबाइतका असतो. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाच्या बाबतींत तो दर चौरस सेंटिमीटरला सुमारें १ किलो, म्हणजे चालणाऱ्या मनुष्याच्या तिपटीहून अधिक. उलट खोल बर्फासाठीं सिद्ध केलेली गाडी पाहा. गाडी आणि तिच्यावरचा स्वार मिळून वजन सुमारें ३३० किलो. पण तिचा रबरी पट्टा १५ इंच रुंद असून त्याचा पांच फुटांहून अधिक भाग बर्फावर टेकलेला असतो. भागाकार केल्यास दर चौरस सेंटिमीटरला अवघे ५० ग्रॅमच्या आसपास येतात. जेथें पायीं जाणारा कमरेइतका बुडतो, तेथें ही गाडी वरच्यावर निघून जाते. या एका भागाकारांत आजच्या विषयाचा अर्धा भाग आला.

या गाडीच्या इतिहासांत एक दुःखाची कथा आहे. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतांत व्हॅलकोर्ट नांवाचें गांव आहे. तेथें जोसेफ-आर्मांद बोंबार्दिए हा तरुण मोटारदुरुस्तीचा कारखाना चालवीत असे, आणि फावल्या वेळीं बर्फावर चालणाऱ्या वाहनाचे प्रयोग करीत असे. १९३४ च्या जानेवारींत त्याचा दोन वर्षांचा मुलगा पोटाच्या विकारानें अत्यवस्थ झाला. रस्ते बर्फानें बुजलेले, आणि रुग्णालयापर्यंत पोंचवील असें वाहन जवळ नाहीं, मूल दगावलें. पुढें या गृहस्थानें रबराचें आवरण असलेलें दंतचक्र आणि त्यावर फिरणारा रबरी पट्टा यांची जोडणी पूर्ण करून १९३७ सालीं तिचें पेटंट मिळविलें. त्याच्या कारखान्यानें १९५३ सालीं ‘मस्केग’ नांवाचें, दलदलींत चालणारें पट्ट्याचें वाहन काढलें, आणि १९५९ सालीं एका-दोघांनीं बसावयाची ती लहान बर्फगाडी, जी आज जगभर ‘स्की-डू’ या नांवानें ओळखली जाते. बर्फाची विद्या चिखलाला लागू पडते, हें त्यानें आपल्या कारखान्यांत दाखवून दिलें, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. पावसाळ्यांत पर्लकोटा नदीला पूर आला कीं भामरागडचा संबंध तुटे. आजाऱ्याला खाटेवर घालून चौघांनीं खांद्यावर वाहून नेल्याच्या वार्ता गडचिरोली जिल्ह्यांतून किती वेळां आल्या आहेत! व्हॅलकोर्टचें नांव ज्यानें कधीं ऐकलें नाहीं, त्या आमच्याकडच्या मनुष्याला तो १९३४ चा प्रसंग समजावून सांगावा लागत नाहीं.

आतां या बर्फगाड्यांचे दोन प्रकार आहेत. एक दाबून घट्ट केलेल्या वाटेवर धांवणारी, आणि दुसरी ताज्या, भुसभुशीत, खोल बर्फांत चालणारी. पहिलीचा पट्टा एकंदर १२१ ते १३७ इंच लांब असतो आणि त्यावरचे रबरी दांते इंच-सव्वा इंच उंचीचे असतात. दुसरीचा पट्टा १५० इंचांच्या पुढें जातो आणि दांते अडीच-तीन इंच उंच असतात. वाटेवरची गाडी घेऊन तिला खोल बर्फायोग्य करूं पाहणारा मनुष्य प्रथम लांब पट्टा आणतो. परंतु पट्टा आणला कीं काम झालें, असें नाहीं. उंच दांते फिरतांना गाडीच्या पोटाला घासतात, म्हणून पट्टा फिरविणारें दंतचक्र लहान घ्यावें लागतें. लांब पट्ट्याला आंतून आधार देणारी चौकट लांबवावी लागते, आणि पट्टा ज्या पन्हळाखालीं फिरतो तें पन्हळहि मागें वाढवावें लागतें. पुढच्या दोन फळ्या रुंद घ्याव्या लागतात. नाहीं तर मागचा भाग तरंगतो आणि नाक बर्फांत शिरतें. एवढा मोठा पट्टा ओढावयाचा म्हणजे इंजिनावर ताण येतो, म्हणून दंतचक्रांचें प्रमाण बदलून वेग कमी व ओढ अधिक करावी लागते. खेरीज असा खोल बर्फ बहुधा उंच पहाडांत असतो. तेथील विरळ हवेंत साध्या इंजिनाची शक्ति दर १,००० फुटांस सुमारें ३ टक्क्यांनीं घटते. गुलमर्ग सुमारें ८,७०० फुटांवर आहे. तुमच्यापैकीं जे कोणी तेथें हिंवाळ्यांत सहलीस जाऊन या गाडीवर बसले असतील, त्यांच्या गाडीची चौथाई शक्ति हवेच्या विरळपणानें आधींच हिरावून घेतलेली होती! क्लचमधील वजनें अशा उंचीवर बदलावीं लागतात, तीं याच कारणासाठीं.

येथपर्यंत बर्फाची गोष्ट झाली. चिखलाची गोष्ट थोडी निराळी आहे, आणि तो निराळेपणा न ओळखणें हेंच संकटाचें मूळ होय.

चंद्रपूर जिल्ह्याचा वरोरा-राजुऱ्याकडील भाग काळ्या मातीचा व कापसाचा. पूर्वेकडे ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल, सावली, आणि १९८२ सालीं वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यांतील आरमोरी, देसाईगंज, चामोर्शी हा सारा धानाचा मुलूख. गोंड राजांच्या काळापासून बांधलेले, आज माजी मालगुजारी तलाव म्हणून ओळखले जाणारे शेंकडों तलाव येथें आहेत. नागभीड तालुक्यांतील नांदेड गांवचे कै. दादाजी खोब्रागडे यांनीं निवडीनें सिद्ध केलेलें, मनगटी घड्याळाचें नांव मिरविणारें एच.एम.टी. धान तुमच्या घरीं शिजत असेल. तें याच चिखलांतून आलें. धानाची रोवणी करण्यापूर्वीं बांधींत पाणी सांठवून माती इतकी घुसळतात कीं तिचे कण सुटे होऊन लोण्यासारखा गाळ बनतो. याला चिखलणी म्हणतात. चिखलणीनें पाणी खालीं झिरपणें कमी होतें, तण गाडलें जातें, आणि पऱ्ह्यांचीं मुळें सहज रोवतां येतात. मात्र पिढ्यान्‌पिढ्या असें केल्यानें वीतभर गाळाच्या खालीं एक घट्ट थर तयार होतो. बांधीला तळ आहे. खोल बर्फाला, वाहनाच्या दृष्टीनें, तळ नाहीं.

म्हणून बर्फांत तरंगावयाचें असतें आणि बांधींत तळ गांठावयाचा असतो. हेल्यांची जोडी, म्हणजे रेड्यांची, हेंच करीत असे व अजूनहि कोठें कोठें करते. त्या जनावराचा भार थोडा नाहीं. पण त्याच्या खुराचे दोन भाग चिखलांत फांकतात, पाय तळाला टेकतो, आणि वर ओढतांना खूर मिटून सुटा होतो. लांकडी बंडीची गोष्ट याच्या उलट. तिचें चाक उंच असल्यामुळें खांचखळग्यांतून निघतें खरें, परंतु त्यावरची लोखंडी धाव इतकी अरुंद कीं ओल्या पांदणींत ती सुरीसारखी खालीं उतरते. भर पावसाळ्यांत भरलेली बंडी पांदणीनें काढणें हा बैलांचा छळच होता.

ट्रॅक्टर आला तो मुळांत कोरड्या जमिनीचा. साधारण चाळीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर सुमारें दोन टन वजनाचा असतो, आणि त्यांतील अधिक भार मागच्या दोन चाकांवर असतो. तो तसाच बांधींत घातला तर रबरी चाकांच्या खांचा पहिल्याच फेऱ्यांत गाळानें भरतात आणि चाक गुळगुळीत लाटण्यासारखें जागच्या जागीं फिरूं लागतें. यावर उपाय म्हणजे केजव्हील. लोखंडी कड्यांवर आडव्या पट्ट्या किंवा अँगल जोडून केलेला हा एक पिंजराच असतो, म्हणून मी त्याला पिंजराचाक म्हणतों. कोणी रबरी चाक काढून त्याच्या जागीं पूर्ण पिंजराचाक बसवितो. बहुतेक लोक रबरी चाक तसेंच ठेवून त्याच्या बाहेरच्या अंगास अर्धें पिंजराचाक बोल्टांनीं जोडतात. रुंदी वाढल्यामुळें भार पसरतो, आणि आडव्या पट्ट्या वल्ह्यासारख्या चिखल मागें लोटतात. पोकळ असल्यामुळें गाळ त्यांत अडकून न राहतां गळून पडतो. पट्ट्या फार जवळजवळ लावल्या तर मात्र तो आंत थापला जातो आणि पिंजऱ्याचें पिंप होतें. तालुक्याच्या गांवचा अनुभवी वेल्डर हें अंतर नजरेनें ठरवितो, आणि बहुधा बरोबर ठरवितो.

जाणता ट्रॅक्टरवाला आणखी कांहीं गोष्टी करतो. रस्त्यावर ट्रॉली ओढतांना पकड यावी म्हणून मागच्या टायरांत भरलेलें पाणी तो काढून टाकतो. पुढच्या बाजूचीं वजनें मात्र काढीत नाहीं. कां, तें पुढें सांगतों. नांगराऐवजीं तो रोटाव्हेटर जोडतो. रोटाव्हेटरचीं पातीं चाकांच्याच दिशेनें फिरतात, त्यामुळें तें अवजार ओढून घ्यावें लागत नाहीं. उलट तेंच ट्रॅक्टरला थोडें पुढें ढकलतें. सबंध चिखलणींत मला सर्वांत आवडणारी युक्ति हीच आहे, कारण हिच्यांत जोर न वाढवितां काम साधतें. मूळ यंत्रावर या साऱ्याचा बोजा पडतोच. बाहेर जोडलेलें पिंजराचाक आंसावर व बेअरिंगवर तिरपा ताण आणतें, आणि गाळाचें पाणी सीलमधून ब्रेकपर्यंत पोंचतें. हंगाम संपल्यावर हे भाग उघडून न पाहणारा मनुष्य दिवाळींत भरल्या ट्रॉलीसह उतारावर ब्रेक दाबतो, तेव्हां त्याला त्याचें उत्तर मिळतें.

मऊ भूमीसाठीं केलेला प्रत्येक फेरफार कठीण भूमीवर दंड वसूल करतो. खोल बर्फाची गाडी दाबलेल्या वाटेवर आणली, तर लांब पट्ट्यामुळें ती वळतां वळत नाहीं. आणि तिच्या पोटांतील पाण्याची नळी उडणाऱ्या बर्फानें थंड व्हावयाची असल्यामुळें, वाट गोठून टणक झाली असेल तर इंजिन तापूं लागतें. पिंजराचाक लावलेला ट्रॅक्टर डांबरी रस्त्यावर आला, तर लोखंडी पट्ट्या डांबर उखडीत जातात. सार्वजनिक रस्त्यावर असा ट्रॅक्टर चालविण्यास मनाई आहे, दंड होतो, तरीहि आषाढ-श्रावणांत गांवाजवळचा रस्ता ओरखडलेला दिसतोच. शहरांतील लोक यावर शेतकऱ्याच्या नांवानें बोटें मोडतात. परंतु एका धुऱ्यापासून दुसऱ्या शेतापर्यंत रस्ता हाच एक मार्ग असतां आणि वरून पाऊस कोसळत असतां, दर वेळीं मणा-मणाचीं चाकें उतरवून चढविणें म्हणजे काय, हें एकदां तरी पाहावें. पांदणी धड असत्या, तर यांतील निम्मे ट्रॅक्टर रस्त्यावर आलेच नसते, असें माझें मत आहे.

आतां मूळ मुद्द्याकडे येतों. बांधीला तळ आहे असें मीं म्हटलें. पण तो सर्वत्र नसतो. यंत्रानें माती उकरून शेत नव्यानें सपाट केलें असेल, खोल नांगरट करून तो घट्ट थर फोडला असेल, जुनी विहीर किंवा बोडी बुजवून तेथें बांधी केली असेल, किंवा तलावाच्या पोटांतील गाळपेर जमीन असेल, तर चाक उतरत उतरत ट्रॅक्टरचें पोट चिखलाला टेकतें. अशा वेळीं चालकाचा पहिला विचार असतो जोर वाढविण्याचा. चाक थोडें घसरणें हें कामाचेंच आहे, त्याशिवाय पकड येत नाहीं. परंतु वाहन पुढें सरकत नसून चाक फिरत असेल, तर प्रत्येक फेरा स्वतःचा खड्डा खणीत असतो. बर्फगाडीचा स्वारहि हीच चूक करून आपल्या पट्ट्याखालीं खंदक खणतो. त्यांच्यांतील जाणते लोक इंजिन तात्काळ थांबवितात, खालीं उतरून पट्ट्यापुढचा बर्फ पायांनीं तुडवून घट्ट करतात, गाडीचें शेंपूट उचलून बाजूस ठेवतात, आणि मग हळूच निघतात.

ट्रॅक्टर उचलून बाजूस ठेवतां येत नाहीं. म्हणून आमच्याकडे एक उपाय रूढ झाला आहे, आणि तो घातक आहे : मागच्या चाकांना साखळीनें लांकडाचा ओंडका बांधावयाचा, आणि पहिल्या गिअरमध्यें क्लच सोडावयाचा. कल्पना अशी कीं ओंडका चाकाबरोबर खालीं जाऊन टेकेल आणि त्यावर चढून ट्रॅक्टर बाहेर येईल. पुष्कळ वेळां तसें होतेंहि, आणि म्हणूनच हा उपाय टिकून आहे. परंतु ओंडका खालीं अडकला व चाक फिरेनासें झालें, तर इंजिनाचा जोर कोठें जाईल? आंसाला फिरवावयाचें असतें चाक; चाक फिरत नसेल, तर तोच जोर ट्रॅक्टरला आंसाभोंवतीं उलट दिशेनें फिरवूं लागतो. पुढचीं चाकें वर उचललीं जातात आणि ट्रॅक्टर चालकासकट मागें उलथतो. पाऊण सेकंदांत तो अशा कोनाला पोंचतो कीं तेथून परत येणें नाहीं, आणि दीड सेकंदांत सारें संपतें. क्लच दाबावा हें मनांत येऊन पाय हलेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. पुढचीं वजनें काढूं नयेत असें मघाशीं म्हटलें, तें यासाठीं. मीं जेथें नोकरी केली त्यांपैकीं एका गांवांत दोन भाऊ माझ्या वर्गांत होते. त्यांचे वडील अशाच रीतीनें आपल्या स्वतःच्या बांधींत गेले. ते नवशिके नव्हते. वीस वर्षांचा त्यांचा हात होता.

स्वीडन देशानें १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरवर चालकाभोंवतीं भक्कम पोलादी चौकट असणें सक्तीचें केलें, आणि ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यु तेथें झपाट्यानें घटले. चौकट असेल, तर कमरपट्टा बांधूनच बसावें. नाहीं तर चालक चौकटीबाहेर फेंकला जातो.

रुतलेला ट्रॅक्टर काढण्याची सुरक्षित रीत सांगतों. ती संथ आहे. चाक नुसतें फिरूं लागतांच थांबावें. मागें अवजार असेल तर तें आणि ट्रॉली सोडून घ्यावी. फावड्यानें चाकांपुढचा व मागचा चिखल ओढून उतार करावा, आणि शक्य तों आल्या वाटेनें, मागें घेऊन बाहेर यावें. कारण ती वाट आपला भार पेलते हें सिद्ध झालेलें असतें. उलथण्याचा धोकाहि मागें येतांना फार कमी असतो. एकच चाक घसरत असेल, तर दोन्ही चाकें एकत्र फिरविणारी खीळ, म्हणजे डिफरन्शियल लॉक, लावावी. तेवढ्यानें न भागल्यास कोरड्या धुऱ्यावर दुसरा ट्रॅक्टर उभा करून लांब साखळीनें ओढावा. ओढणाऱ्यानें साखळी खालच्या ओढदांड्यालाच अडकवावी. आंसाच्या वर ती कधींहि अडकवूं नये, नाहीं तर उलथण्याची पाळी त्याच्यावर येते. साखळी ताणली जात असतां आसपास कोणी उभें राहूं नये, विशेषतः मुलांनीं. आणि तमाशा पाहावयास मुलें जमतातच.

ज्या बांधींत हें कांहींच चालत नाहीं, अशाहि पुष्कळ आहेत. जंगलाच्या कडेच्या उतारावर पायरीपायरीनें केलेल्या बांध्या इतक्या लहान असतात कीं त्यांत ट्रॅक्टर वळूंच शकत नाहीं. तेथें कोणी लोखंडी चाकांचा पॉवर टिलर उतरवितो. त्याचें वजन इतकें थोडें कीं तो रुतलाच तर दोघे-चौघे मिळून काढूं शकतात. आणि ज्याला तोहि परवडत नाहीं, तो आर्द्रा नक्षत्र लागण्यापूर्वीं शेजाऱ्याकडे जाऊन हेल्यांची जोडी कोणत्या दिवशीं मोकळी आहे, याची चौकशी करून ठेवतो.